मेसचा हिशोब आणि मेलेल्या ओळी

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली संध्याकाळ आठवते का? मेसच्या दारात रांग, आणि आत सेक्रेटरी कॉम्प्युटरसमोर डोक्याला हात लावून बसलेला. रूम नंबर टाकला की नाव यायला दीड-दोन मिनिटं लागत होती. जेवणाची नोंद करायला जावं तर इंग्रजीत एकच ओळ यायची, डिस्कवर जागा शिल्लक नाही. शेवटी मेसच्या मामांनीच निकाल लावला. "आधी जेवा रे पोरांनो, लिहायचं काय ते मागनं लिहा." त्या रात्रीच्या जेवणाचा हिशोब आजतागायत लागलेला नाही.

हा सगळा गोंधळ माझ्यामुळे झाला होता. तेव्हा भीतीपोटी "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे" असं सांगून वेळ मारून नेली. आता शेवटच्या वर्षाला आहे, मे महिन्यात बाहेर पडणार, तर खरं काय ते लिहून टाकतो. त्या निमित्ताने डेटाबेस नावाची वस्तू सिलॅबसच्या बाहेर कशी वागते तेही सांगता येईल. आपल्याकडे हा विषय बहुतेक जण सिल्बरशाट्झ-कोर्थ-सुदर्शन यांच्या जाड पुस्तकातून शिकतात. त्यातले सुदर्शन म्हणजे आपल्याच मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक. पुस्तकात सगळं आहे. पण पुस्तक वाचून पास होणं वेगळं आणि चारशे पोरांचं जेवण डोक्यावर घेणं वेगळं.

लॅबमधून बाद झालेला एक कॉम्प्युटर मागून घेतला, त्यावर डेबियन लिनक्स आणि पोस्टग्रेस १५ टाकलं आणि मेसचा हिशोब त्यावर चढवला. पोस्टग्रेस का, तर फुकट, आणि लायसन्स कुणी विचारत नाही. जूनपासून सगळं छान चाललं होतं. इतकं छान, की ऑगस्टमध्ये मीच रेक्टर सरांना सांगून मेसची जुनी वही बंद करायला लावली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रोग्राममध्ये मी दोन हुशाऱ्या केल्या होत्या. प्रत्येक मुलाची बाकी ताजी दिसावी म्हणून दर मिनिटाला एक स्क्रिप्ट चालायची. ती चारशेच्या चारशे ओळी नव्याने मोजायची आणि 'शेवटची मोजणी कधी झाली' त्या रकान्यात वेळ टाकायची. ही पहिली. दुसरी म्हणजे, इंडेक्स लावला की काम फास्ट होतं एवढंच डोक्यात असल्यामुळे मी टेबलच्या पाचही रकान्यांवर इंडेक्स लावले होते. वेळेच्या रकान्यावरसुद्धा. त्या रकान्यात कोण काय शोधणार होतं, देव जाणे.

त्या संध्याकाळी डिस्क पाहिली तर खरंच शंभर टक्के भरलेली. डिस्क ४० जीबीची, तिच्यावर निम्म्याहून जास्त सिनेमे (कुणाचे ते सांगत नाही), पण सुट्टीला जाताना दोन जीबीच्या वर जागा मोकळी होती. पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये शिरलो तर पीजी_वॉल नावाच्या पोटफोल्डरात १६-१६ एमबीच्या बऱ्याच फायली दिसल्या. जुन्या नोंदी असतील, उडवू, असं वाटलं. उडवायच्या आधी, सुदैवाने, आपल्याच हॉस्टेलवर राहून गेलेल्या आणि आता पुण्यात डेटाबेसचंच काम करणाऱ्या एका सीनियर दादाला फोन लावला.

"अरे, त्याला हात लावू नकोस! सिनेमे उडव!" हे त्याचं पहिलं वाक्य.

त्या फायली म्हणजे डेटाबेसची रोजकीर्द. कुठलाही बदल मुख्य टेबलच्या फायलीत नीट बसण्याआधी तिथे लिहिला जातो. मध्येच लाईट गेली तर पुन्हा सुरू होताना पोस्टग्रेस ती रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करतो. ती उडवली की डेटाबेस उठेलच याची खात्री नाही. मी काही पहिला शहाणा नव्हतो. ९.६ व्हर्जनपर्यंत त्या फोल्डरच्या नावात 'लॉग' हा शब्द होता, आणि लॉग म्हणजे टाकाऊ अशा समजुतीने लोक तो डिस्क भरली की उडवत. म्हणून २०१७ च्या १० व्या व्हर्जनमध्ये त्याचं नावच बदललं. लोक चुकीचं समजतात म्हणून जगभरच्या वापरणाऱ्यांना त्रास देऊन नाव बदलायचं, हा निर्णय मला फार आवडला. आपल्याकडे असतं तर "मॅन्युअल वाचत नाहीत लेकाचे" म्हणून सोडून दिलं असतं.

सिनेमे उडवले (दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं). जागा झाली. मग दादाने विचारलं, "आता बघ, कुठलं कनेक्शन आयडल इन ट्रान्झॅक्शन दाखवतंय का?"

दाखवत होतं. एक कनेक्शन अठरा दिवसांपासून तसंच बसलेलं. सगळ्या खिडक्यांच्या मागे दडलेली एक काळी खिडकी पुढे आणली, तर त्यात मीच सुट्टीला जायच्या घाईत लिहिलेल्या ओळी. दिवाळीच्या फीस्टचा दर ६० वरून ८० करायचा होता. बिगिन लिहिलं, दर बदलला, तपासून पाहिला, ८० दिसला. तेवढ्यात सांगलीची एसटी लागल्याची हाक आली आणि मी कमिट न लिहिताच पळालो. डेटाबेसच्या नावापुढे = आणि त्याला चिकटून एक बारीकशी *. ती चांदणी म्हणजे 'व्यवहार अजून उघडा आहे' अशी खूण. अठरा दिवस ती तिथे चमकत होती. हॉस्टेलच्या ऑफिसला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. एरवी लाईट गेली की आपण बोंब मारतो. त्या आठवड्यात इन्व्हर्टर बसला असता तर ते कनेक्शन तुटलं असतं, व्यवहार आपोआप रद्द झाला असता आणि मी वाचलो असतो.

पण एका टेबलात एक दर बदलून विसरलो, तर दुसऱ्या टेबलने डिस्क का भरावी? मला हे कळायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

शाईने लिहिलेली वही डोळ्यासमोर आणा. बाकी ५०० ची ४६० झाली तर आपण खोडरबर वापरत नाही. जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ लिहितो. पोस्टग्रेस अगदी हेच करतो. अपडेट म्हटलं की जुनी ओळ राहते आणि नवी आवृत्ती लिहिली जाते. याचा फायदा मोठा आहे. तुम्ही महिन्याचा रिपोर्ट काढत असताना दुसऱ्याने बाकी बदलली तर तुम्हाला थांबावं लागत नाही. तुमचा रिपोर्ट सुरू झाला त्या क्षणीची वही तुम्हाला दिसते, त्याला त्याची नवी ओळ दिसते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. माझा फीस्टचा दर माझ्या खिडकीत ८० आणि बाकी सगळ्या जगाला ६० का दिसत होता, त्याचं उत्तरही हेच. फीस्टला ३४० जण जेवले, प्रत्येकी २० रुपये कमी कापले गेले. मेस फंडात ६,८०० रुपयांचा खड्डा पडला. तो नंतर खोल्याखोल्यांतून हिंडून भरला. काय काय ऐकून घेतलं ते छापण्यासारखं नाही.

तर, जुन्या ओळी. कधीतरी अशी वेळ येते की त्या कुणालाच बघायची गरज उरत नाही. त्या मेलेल्या ओळी. त्यांची जागा पुन्हा वापरात आणणाऱ्या कामाला व्हॅक्यूम म्हणतात. पूर्वी हे काम हाताने किंवा रात्रीच्या स्क्रिप्टने करावं लागे. २००५ च्या ८.१ व्हर्जनमध्ये ऑटोव्हॅक्यूम पोस्टग्रेसच्या आत आला आणि ८.३ पासून तो सुरूच असतो. ठरलेली सेटिंग अशी, की मेलेल्या ओळी ५० अधिक टेबलच्या २० टक्के झाल्या की झाडू मारायचा. आमच्या ४०० ओळींच्या टेबलला ते १३० होतात, आणि माझी स्क्रिप्ट मिनिटाला ४०० मारत होती. म्हणजे जूनपासून तो बिचारा दर मिनिटाला माझ्या मागे झाडत होता. म्हणूनच सगळं 'छान' चाललं होतं.

पण झाडूवाल्याला एक नियम आहे. ही ओळ कुणालाही दिसण्याची शक्यता उरलेली नाही अशी खात्री असल्याशिवाय ती उचलायची नाही. माझा उघडा व्यवहार अठरा दिवसांपूर्वी सुरू झालेला. तो सुरू असेपर्यंत त्याच्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला उचलता येत नाही. तो टेबल बघत नाही की "हा माणूस तर दराच्या टेबलात अडकलाय, बाकीच्या टेबलशी त्याचा काय संबंध." सगळ्या टेबलांसाठी तारीख एकच. ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला येत होता, ओळी मोजत होता आणि हात हलवत परत जात होता. दिवसाला ४०० गुणिले १,४४० मिनिटं, म्हणजे ५,७६,००० मेलेल्या ओळी. अठरा दिवसांत कोटीच्या वर. मेस बंद, पोरं घरी, बाकी कुणाची बदललेली नाही, आणि टेबलमध्ये जिवंत ओळी फक्त ४००.

खिडकीत रोलबॅक लिहिलं. व्हॅक्यूमने मेलेल्या ओळी साफ केल्या, पण फाईल तेवढीच राहिली. साध्या व्हॅक्यूमने आतली जागा मोकळी होते, पण ती सहसा डिस्कला परत मिळत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम फुल चालवावं लागतं. ते जिवंत ओळी नव्या फाईलमध्ये उतरवून जुनी फाईल टाकून देतं. तेवढा वेळ टेबलला कुलूप असतं, म्हणून जेवणाच्या वेळी चालवायचं नाही. नवं टेबल पन्नास केबीच्या आत बसलं.

व्हॅक्यूमचं आणखी एक काम असतं. प्रत्येक बदल करणाऱ्या व्यवहाराला पोस्टग्रेस एक नंबर देतो आणि ते नंबर संपून पुन्हा पहिल्यापासून फिरतात. जुन्या ओळींवर 'ही कायमची जुनी' असा शिक्का वेळेत मारला नाही तर दोनशे कोटींच्या आसपास डेटाबेस लिहिणं बंद करतो. २०१५ मध्ये सेंट्री नावाच्या सेवेचं असंच झालं होतं. आमच्या मेसला मिनिटाला एक या हिशोबाने तिथे पोचायला सुमारे ३,८०० वर्षं लागतील, तेव्हा ती काळजी पुढच्या सेक्रेटरीने करावी.

आता माझी दुसरी हुशारी, पाच इंडेक्स. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्याची दोरी पुण्यापर्यंत जाते.

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची. नवी ओळ नव्या जागी लिहिली की सूचीतही नवी नोंद लागते. जुन्या पोस्टग्रेसमध्ये एक रकाना बदलला तरी टेबलवरच्या सगळ्या सूच्यांमध्ये नवी नोंद पडायची, मग त्या रकान्याचा सूचीशी संबंध असो वा नसो. ४ फेब्रुवारी २००८ ला ८.३ व्हर्जन आलं त्यात हे बदललं. या सुधारणेचं नाव हॉट, म्हणजे हीप-ओन्ली टपल्स. रिलीज नोट्समध्ये तिच्यापुढे नाव आहे पवन देवलसी यांचं, आणि सोबत 'अनेकांच्या कल्पनांसह' अशा अर्थाची टीप. ते तेव्हा एंटरप्राइझडीबी या कंपनीत होते. या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे.

कल्पना ऐकायला सोपी आहे. इंडेक्स असलेला एकही रकाना बदललेला नसेल आणि त्याच ८ केबीच्या पानावर जागा असेल, तर नवी ओळ त्याच पानावर ठेवायची आणि सूचीला काही सांगायचंच नाही. सूची जुन्या जागेकडे बोट दाखवते, तिथून 'पुढे पहा' अशी साखळी धरून नवी ओळ सापडते. शिवाय पान भरत आलं की तिथे आलेली साधी क्वेरीसुद्धा जाता जाता साखळीतल्या मेलेल्या ओळी साफ करते, व्हॅक्यूमची वाट बघत नाही. आपण रूममध्ये येता-जाता एखादं कागदाचं बोळकं उचलतो तसं. (म्हणजे उचलायला हवं.)

माझ्या टेबलमध्ये दर मिनिटाला बदलणारा रकाना एकच होता, वेळेचा. आणि त्यावर मी इंडेक्स लावून ठेवला होता. म्हणजे हॉटची वाट मीच बंद केली होती. प्रत्येक अपडेटला पाचही सूच्यांमध्ये नवी नोंद. उघड्या व्यवहारामुळे मेलेल्या ओळी मात्र तशाही अडकल्याच असत्या. आज त्या टेबलवर दोनच इंडेक्स आहेत आणि कुणालाही काही हळू वाटत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये उबर कंपनीने जाहीरपणे लिहिलं, की आम्ही पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे का गेलो. त्यांच्या तक्रारींपैकी एक मोठी तक्रार हीच. इंडेक्स पुष्कळ असलेल्या टेबलमध्ये एकच इंडेक्सवाला रकाना बदलला तरी हॉट लागू होत नाही आणि सगळ्या सूच्या लिहाव्या लागतात. त्याच वर्षी देवलसींनी वॉर्म नावाचा पुढचा प्रस्ताव मांडला, की ज्या रकान्याची किंमत बदलली त्याच्याच सूचीत नोंद करायची. त्यावर महिनोनमहिने काम झालं, इतरांनी कोड वाचला, शंका काढल्या. आणि शेवटी तो पोस्टग्रेसमध्ये गेला नाही. हॉट लिहिणाऱ्या माणसाचा पॅच! आपल्या प्रोजेक्ट रिव्ह्यूला गाईडने एक स्लाईड बदलायला सांगितली तरी आपण तोंड पाडून बसतो.

पण ती मेहनत वाया गेली असं म्हणता येत नाही. वॉर्मची कसून चाचणी घेताना त्यांना चालू पोस्टग्रेसमध्येच एक जुना दोष सापडला. टेबल वापरात असतानाच इंडेक्स बांधण्याची जी सोय आहे, तिच्यात एका नेमक्या क्षणी हॉटचा निर्णय चुकून इंडेक्स सदोष बनू शकत होता. म्हणजे ओळ टेबलमध्ये आहे, पण सूचीत सापडत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९.२ पासून ९.६ पर्यंतच्या, त्यावेळी सांभाळल्या जाणाऱ्या सगळ्या व्हर्जनना दुरुस्ती मिळाली. रिलीज नोट्समध्ये देवलसी आणि टॉम लेन अशी दोन नावं आहेत. त्या दुरुस्तीचं कुणी बिल पाठवलं नाही.

रिलीज नोट्स वाचायची सवय लावून घ्या असं मी ज्युनियर्सना सांगतो, कारण तिथे प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव असतं. ११ व्या व्हर्जनच्या (२०१८) नोट्समध्ये पार्टिशनच्या सुधारणांपुढे आशुतोष बापट, जीवन चाळके अशी नावं दिसतात. परवा एक सेकंड इयरवाला म्हणाला, "ही तर आपली आडनावं आहेत की!" मग काय, बाहेरनं येऊन कोण करणार होतं?

मालकीबद्दल थोडक्यात. मायएसक्यूएलसुद्धा खुलं आहे, पण त्याच्या मागे कंपनी आहे. २००८ मध्ये ती सनने घेतली आणि २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं. मूळ लेखक माँटी विडेनियस यांनी २००९ मध्येच मारियाडीबी ही वेगळी चूल मांडली. पोस्टग्रेसला असा मालकच नाही. त्याच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे लोक निम्म्याहून जास्त नकोत असा रिवाज आहे. २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेसवाली कंपनी घेतली तेव्हा हे गणित बिघडलं, म्हणून टीममध्ये बाहेरचे दोघं वाढवले. मेस कमिटीवर एकाच विंगची पोरं नकोत म्हणून आपण भांडतो, त्यातलाच प्रकार.

आता बॅकअप. हे लिहायला मला खरं तर जास्त लाज वाटते.

त्या रात्री सगळं सुरळीत झाल्यावर दादाने सहज विचारलं, "बॅकअप कुठला आहे शेवटचा?" मी ऐटीत सांगितलं, रोज रात्री पेन ड्राईव्हवर पडतो, कालचाही आहे. "उघडून बघ." पेन ड्राईव्हवर ऑगस्टपासून रोजच्या तारखेची फाईल होती, ओळीने, नीट. आणि प्रत्येक फाईल ० केबी. ऑगस्टमध्ये मी पासवर्ड बदलला होता आणि रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये तो बदलायचा राहिला होता. पीजी_डंप रोज रात्री पासवर्डपाशी अडून परत जात होता. पण कमांडचा निकाल फाईलमध्ये वळवायला सांगितला की शेल आधी रिकामी फाईल तयार करतं आणि मग कमांड चालवतं. म्हणून फाईल रोज जन्माला येत होती. मी फक्त नावं बघत होतो.

वही ऑगस्टमध्येच बंद करवलेली. म्हणजे त्या जुन्या डिस्कने त्या अडीच-तीन महिन्यांत कधीही मान टाकली असती, किंवा त्या संध्याकाळी मी ती रोजकीर्द उडवली असती, तर चारशे जणांनी भरलेल्या पैशांचा कुठेही पुरावा नव्हता. काही जणांच्या घरनं ऊसबिल आल्यावर एकदम सहा महिन्यांचे पैसे येतात. त्यांना मी काय दाखवणार होतो? त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे सांगली रस्त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर जात होते ते ऐकत पडलो होतो.

नंतर गिटलॅबची हकीकत वाचली आणि जरा बरं वाटलं. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा तिथल्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं होतं. थकव्यात तो मुख्य सर्व्हरवर होता. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबीच उरले. मग बॅकअप शोधले. पीजी_डंप सर्व्हरच्या ९.६ ऐवजी जुन्या ९.२ चा चालत असल्याने रोज फेल होत होता, आणि तो फेल झाल्याचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी एकाने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढून ठेवलेली प्रत सापडली म्हणून वाचले. सहा तासांचा डेटा गेलाच. पण त्यांनी काय केलं, तर दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं आणि नंतर कुठे काय चुकलं ते तपशीलवार छापलं. चूक करणाऱ्याचं नाव पुढे करून त्याला झोडपलं नाही. मी मात्र "नेटवर्कचा प्रॉब्लेम" म्हणालो होतो.

सध्याची व्यवस्था सांगतो. स्क्रिप्ट आता दर मिनिटाला चालत नाही. जेवणाची नोंद झाली की त्याच मुलाची बाकी मोजली जाते. व्यवहार उघडा ठेवून दहा मिनिटं काही केलं नाही तर पोस्टग्रेस स्वतःच कनेक्शन तोडतो, ही सेटिंग २०१६ पासून आहे आणि मी ती वाचलेली नव्हती. बॅकअप रोज रात्री होतो, आणि दर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर तो माझ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून ओळी मोजतो आणि कुठल्याही पाच मुलांची बाकी मेसच्या पडद्याशी ताडून बघतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मेसची वही रेक्टर सरांना विनंती करून पुन्हा सुरू केली आहे. आठवड्यातून एकदा मामा त्यात एकूण आकडा लिहितात.

जूनमध्ये हे सगळं कुणाच्या तरी हवाली करायचं आहे. सेकंड इयरचे दोघं-तिघं असले तर उत्तम, एकटा नको. एकटा असला की तो सुट्टीला जातो. येताना कोर्थ आणायची गरज नाही. रविवारी सकाळी साडेनऊला ऑफिसमध्ये या, रिस्टोअर तुमच्याच हाताने करू.